अंगणवाडीचा आहार सुरू करताना

ताई, पहिली गोष्ट म्हणजे अंगणवाडीच्या आहाराला रेशनकार्डाचा रंग किंवा उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हडपसरला भाड्याने राहता म्हणून कुणी अडवत असेल, तर ते चूक आहे. गरोदरपणी, बाळंतपणानंतर सहा महिने आणि बाळाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा आहार मिळतो. तीन वर्षांपुढे मुलाला अंगणवाडीतच शिजवलेलं खायला देतात.

गाडी बहुतेक वेळा अडते ती मोबाईल नंबरवर. ई-केवायसीचा, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याचा, ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि लग्नानंतर सिमकार्ड बदललेलं असतं! म्हणून आधी आधार केंद्रात नंबर बदलून घ्या, मग सेविकाताईंकडे पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल अ‍ॅपवर नोंदणी करा. बाळाचं आधार नसलं तरी आईच्या आधारवर नोंद होते. आहाराचं पाकीट घेताना अ‍ॅपवर चेहरा जुळवतात. त्यासाठी नोंद झालेल्या आईनेच जायचं, सासूबाईंना पाठवू नका. उजेडाकडे तोंड करून उभ्या राहा, डोक्यावरचा पदर मागे घ्या.

माहेरी बाळंतपणाला जाताय? निघण्याआधी सेविकाताईंना सांगून नोंद तिकडच्या अंगणवाडीत हलवून घ्या. एकाच आधारवर दोन ठिकाणी नोंद होत नाही, त्यामुळे तिकडे नव्याने नाव घालायला गेलात की अडकलंच.

गरोदर आईसाठीचा आहार रोजच्या ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनांच्या हिशोबाने ठरवलेला आहे, आणि तोही घरच्या जेवणाव्यतिरिक्त. सगळ्या घराने मिळून चार दिवसांत संपवला तर हिशोबच कोलमडतो. पाकिटावरची तारीख तिथेच बघा, फुगलेलं किंवा फाटलेलं परत करा. फोडल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यात ओला चमचा घातला की गुठळ्या होतात.