गोठ्यातली अँबेसेडर, डिझेलची झालेली जीप: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

जुनी गाडी कंपनीतून निघाली तशी करायची आहे, अशी पत्रं या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आजोबांची अँबेसेडर मार्क 2 गेली अठरा-वीस वर्षं गोठ्याशेजारच्या पडवीत उभी आहे. इंजिन जाम आहे. गावातला मिस्त्री म्हणतो, ट्रॅक्टरला दोरी बांधू, गिअरमध्ये ओढू, सुटेल. ओढावी का? (अमळनेर तालुका)

उत्तर : ओढू नका. अशी गाडी उभी राहते तेव्हा एखाद्या सिलिंडरचा वॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. त्यातून पावसाळ्याची दमट हवा आत शिरते आणि त्या सिलिंडरमधल्या पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतीला धरतात. बहुतेक वेळा चारही सिलिंडर नव्हे, एक किंवा दोनच अडकलेले असतात. ट्रॅक्टरने झटका दिला की रिंग तुटते, तिचा तुकडा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, ओरबाडतो. चिकटलेला वॉल्व्ह असेल तर पुशरॉड वाकतो. जे इंजिन पाच-सहाशे रुपयांच्या तेलाने सुटलं असतं, त्याला मग बोअर आणि पिस्टन लागतात.

आधी बॅटरीच्या तारा काढा, चारही प्लग काढा आणि बारीक टॉर्चने आत पाहा. लालसर पावडर कुठल्या सिलिंडरमध्ये दिसते ते लिहून ठेवा. जुनं ऑइल आणि रेडिएटरचं पाणी सोडून द्या. मग एटीएफ, म्हणजे पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल, आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं हलवून प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण 30 ते 40 मिली ओता. ही दोन्ही एकमेकांत राहत नाहीत, म्हणून ओतण्याच्या क्षणी बाटली जोरात हलवायची. अॅसिटोन झटकन पेट घेतं. कामाच्या जागी बिडी, वेल्डिंग, चूल काही नको. आठ दिवस थांबा, मध्ये दोनदा पुन्हा ओता.

त्यानंतर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी मागेपुढे हलवायची, किंवा हँडल लावून हाताच्या जोरानेच, पुढे थोडं आणि मागे थोडं, असं करायचं. पान्याला लांब पाइप लावून जोर करू नका. एक सूतभर हललं तरी काम झालं समजा. पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस.

सुटलं म्हणून लगेच स्टार्टर मारायचा मोह होतो, तो टाळा. आधी रॉकर कव्हर काढून हाताने इंजिन फिरवत आठही वॉल्व्ह खाली-वर होतात का ते पाहा. एखादा वर येत नसेल तर त्याच्या दांडीला तेल सोडा आणि लाकडी ठोकळा ठेवून हलकं टोका. मग चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, खाली घ्या. तळाशी डांबरासारखा गाळ असतो आणि ऑइल पंपाची जाळी त्याने बंद झालेली असते. ही जाळी न धुता इंजिन चालू केल्यामुळे बेअरिंग गेलेली इंजिनं अनेक असतात. गाळ काढा, चेंबरचं पॅकिंग नवं घाला, 20 डब्ल्यू 50 ऑइल चारेक लिटर, डिपस्टिक पाहून भरा. प्लग बाहेरच ठेवून स्टार्टरने थोडं-थोडं फिरवा. ऑइलचं प्रेशर दिसलं की मगच प्लग आणि पेट्रोल.

1489 सीसीच्या या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, टॅपेट (वॉल्व्हवरची फट) 15 थाऊ, म्हणजे इंचाचे 15 हजारावे भाग, प्लगचा गॅप 25 थाऊ, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप 14 ते 16 थाऊ. गरम झाल्यावर कॉम्प्रेशन मोजा. चारही सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. एकच सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा : आकडा चढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर वॉल्व्हचा. बोअर टेपर, म्हणजे वर-खालच्या व्यासातला फरक, 8 थाऊच्या पुढे गेला असेल तरच लेथवर न्या. त्याआधी नको, कारण प्रत्येक बोअरिंगमध्ये ब्लॉकचं आयुष्य कमी होतं आणि मूळ नंबराचा ब्लॉक पुन्हा मिळत नाही.

हेड उघडलंच असेल तर एक काम त्याच वेळी करून घ्या. अँबेसेडरचं हेड बिडाचं, आणि एक्झॉस्ट वॉल्व्हची बैठक त्या बिडातच कापलेली. पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं तिला जपत होतं. आता शिसं नाही, त्यामुळे बैठक झिजून वॉल्व्ह आत धसतो आणि टॅपेट पुन्हा पुन्हा घट्ट होतं. एक्झॉस्टला कडक धातूची बैठक (सीट) बसवून घ्या. बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही, गाडीचं मूळपण कमी होत नाही.

प्रश्न : 1967 ची फियाट 1100 डी घेतली आहे. पाय ठेवायची जागा कुजली आहे. गाडी आधी खताच्या गोदामात होती. पेंटर म्हणतो सगळं सँडब्लास्ट करू, नवा पत्रा टाकू, वर चमकदार क्लिअर कोट मारू. मूळ रंग कोणता होता हे कसं ओळखायचं? (चाळीसगाव)

उत्तर : खानदेशची हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्या गाडीपेक्षा इथली बॉडी सहसा चांगली सापडते. अपवाद दोन : गुरांच्या मुतानं भिजलेली जमीन आणि खताची पोती. खताचे क्षार हवेतलं पाणी ओढून पत्र्यावर धरून ठेवतात. तुमच्या गाडीत वरून दिसणाऱ्या भोकांपेक्षा दरवाज्याखालच्या बंद बॉक्समध्ये, म्हणजे सिलमध्ये, जास्त गंज असणार. टोच्याने दाबून पाहा, आत जातो का.

पान्याला हात लावण्याआधी फोटो. प्रत्येक कोपऱ्याचे, शेजारी मोजपट्टी ठेवून. क्लिप, स्क्रू, वॉशर वेगळ्या पिशव्यांत घालून वर चिठ्ठी. तुटलेला, गंजलेला भागही भंगारात देऊ नका. नवा भाग बनवायला नमुना तोच असतो.

रंगाचा पुरावा गाडीतच असतो. डॅशबोर्डच्या पाठीमागे, दरवाज्याच्या रबर बीडिंगखाली, आतल्या कार्डबोर्डच्या मागे, डिकीत स्टेपनीखाली, नंबरप्लेटच्या मागे पाहा. बाहेरच्या पत्र्यावर रुपयाएवढी जागा 1000 नंबरच्या पाणी-पेपरने हळूहळू घासा. थरांची वर्तुळं उमटतील. सर्वांत आतलं तांबडं किंवा करडं वर्तुळ प्रायमरचं, त्याला लागून असलेला रंग कंपनीचा. ती जागा पॉलिश करून ओली असताना दिवसाउजेडी शेड जुळवा. उन्हानं उडालेल्या टपावरून शेड कधीही घेऊ नका.

सँडब्लास्ट करू नका. बॉनेट, टप आणि दरवाज्याचा पत्रा त्या माऱ्याने ताणला जातो, लाटा उठतात, आणि त्या लाटा मग लांबीखाली, म्हणजे पुट्टीखाली, दडवाव्या लागतात. सपाट पत्र्याला पेंट रिमूव्हर लावून खरवडा. ब्लास्टिंग फक्त चाकाच्या डिस्क, सस्पेंशनचे आर्म अशा जाड भागांना चालेल.

या फियाटला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणून सिल कापण्याआधी चारही दरवाज्यांच्या चौकटीत 25 मिमीचा चौकोनी पाइप आडवा-तिरपा टाचून घ्या आणि कर्णांची मापं खडूने लिहून ठेवा. हे न करता सिल कापली की गाडी मध्यात बसते. नंतर नवी सिल कितीही छान लागली तरी दरवाजे लागत नाहीत, आणि तो दोष पुढे निघत नाही. एका वेळी एकच बाजू कापा. पत्रा 20 गेजचा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला साधा पोलादी, घ्या. जस्ताचा मुलामा असलेला नको, वेल्डिंगच्या वेळी त्याचा धूर विषारी असतो आणि टाकाही कच्चा राहतो. सीओटू वेल्डिंगला 0.8 मिमी तार, आणि टाके एका ओळीत न मारता उड्या मारत, इंचभर अंतर ठेवून. सलग मारलं तर पत्रा आखडतो. मोकळा झालेला पत्रा त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे, रात्र उघडा ठेवायचा नाही. लांबी 2 मिमीपेक्षा जाड नको. सिलच्या आत शेवटी मेणाचं गंजरोधक फवारा आणि पाणी निघायची खालची भोकं बुजवू नका.

क्लिअर कोटबद्दल आमचं मत ठाम आहे : साध्या रंगाच्या जुन्या गाडीवर तो शोभत नाही. त्या काळचा रंग एकथरी, घासून पॉलिश केलेला असे. तुम्ही पीयू (पॉलियुरेथेन) रंग वापरला तरी एकथरीच मारा, क्लिअर वगळा, आणि 2000 नंबरने घासून पॉलिश करा.

प्रश्न : प्रीमियर पद्मिनी मूळ इंजिनावरच आहे. मे महिन्यात भुसावळहून जळगावला जाताना दोनदा बंद पडते, तासभर थांबलं की चालू होते. पंप बदलला, फरक नाही. (भुसावळ)

उत्तर : पेट्रोलची वाफ होते आहे. हवेत 45 अंश असतात तेव्हा बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. इंजिनाला चिकटलेला यांत्रिक पंप पेट्रोल ओढतो, पण वाफ ओढू शकत नाही. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने हा त्रास अधिक जाणवतो. खात्री करायची असेल तर बंद पडल्यावर पंपावर ओलं फडकं ठेवा. पाच मिनिटांत चालू झाली तर कारण हेच.

पंप आणि ब्लॉक यांच्यामधला जाड बेकेलाइटचा ठोकळा जागेवर आहे का ते आधी पाहा. पंप बदलताना तो पुष्कळदा फेकला जातो आणि पातळ पॅकिंग लावलं जातं. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून गेली असेल तर दूर घ्या. टायमिंग मागे असलं तरी इंजिन तापतं, तेही तपासा. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालणं बंद करा. आपल्याकडचं जड पाणी जॅकेटमध्ये खडूसारखा थर धरतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला.

इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा फुगतो, त्याचे कण जेटमध्ये अडकतात. नळ्या आणि पडदा इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या. मिश्रणही थोडं पातळ होतं. कार्बोरेटरच्या मेन जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. गाडी ओढीला कमी पडत असेल आणि प्लग पांढरे निघत असतील तर 5 ने मोठा जेट लावून पाहा, मूळ जेट पिशवीत जपून ठेवा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामं करून ठेवा.

प्रश्न : वडिलांची महिंद्रा सीजे 3 बी शेतीच्या काळात डिझेल करून घेतली होती. पुन्हा पेट्रोल इंजिन बसवायचं आहे. इंजिन मिळालं की काम झालं का? (शहादा)

उत्तर : इंजिन मिळणं हा सोपा भाग. 2.2 लिटरचं हरिकेन इंजिन उंच असतं. 3 बी चं उंच बॉनेट त्याच्यासाठीच केलेलं. पण डिझेल बसवताना पुढचे इंजिन माउंटिंग, बेल हाउसिंग, रेडिएटर, सायलेन्सरची लाइन आणि कधी कधी मधला क्रॉस मेंबरही कापलेला असतो. जड इंजिनासाठी पुढच्या कमानींत जादा पाती घातलेली असतात. ती काढल्याशिवाय पेट्रोल इंजिनावर जीप नाक वर करून उभी राहते. आधी चासीवर जुन्या माउंटिंगची मूळ भोकं शोधा, त्यांवरून सगळी मापं मिळतात.

दुसरं, डिफरन्शियलचं, म्हणजे एक्सलमधल्या गिअरचं गुणोत्तर. मूळ 3 बी ला 43 आणि 8 दात, म्हणजे 5.38. डिझेलसोबत मागचं एक्सल बदललं असण्याची शक्यता मोठी. मागचं एक चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. पाच आणि एक तृतीयांशच्या जरा पुढे आले तर मूळ आहे. पुढच्या एक्सललाही हेच करा. दोन्हींत फरक असेल तर फोर-व्हील कधीच लावू नका. डांबरी रस्त्यावर थोड्या अंतरातच ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण येऊन दात किंवा शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस जातो.

या इंजिनात इनटेक वॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतो. थंड इंजिनावर इनटेक टॅपेट 18 थाऊ आणि एक्झॉस्ट 16 थाऊ. एक्झॉस्टचे टॅपेट बाजूच्या झाकणाखाली असतात आणि अवघड जागी असल्यामुळे बरेच मिस्त्री ते तपासतच नाहीत. तिथला वॉल्व्ह जळण्याचं कारण बहुधा हेच. चाकांचे नट सोडताना टोकावर ‘एल’ कोरलं असेल तर आटे उलटे आहेत.

कागदांचं काम आधी करा. आरसी बुकावर डिझेलची नोंद असेल तर इंजिन आणि इंधन दोन्ही बदलण्याची परवानगी मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओकडून आधी घ्यावी लागते. इंजिन घेतलेल्या ठिकाणची पावती जपा. नंबर खोडलेलं इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका.

प्रश्न : 50 वर्षांपुढच्या गाडीला ‘व्हीए’ (व्हिंटेज) नंबर घ्यावा का? (धुळे)

उत्तर : केंद्राच्या जुलै 2021 च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसलेली दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढचं नूतनीकरण 5,000 रुपये. पण मग ती गाडी रोज वापरता येत नाही : प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. बाजारात, शेतावर, लग्नाला न्यायची असेल तर आहे तोच जुना नंबर ठेवा आणि त्याची नोंदणी चालू ठेवा. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर राखण्याची मुभा आहे.

थोडक्यात दोन उत्तरं

*पारोळा (मुठी आणि बंपरचं क्रोम) :* दरवाज्याच्या मुठी बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या असतात. बंपरसोबत त्या तेजाबाच्या टाकीत टाकू देऊ नका, विरघळून खड्डे पडतात. क्रोमवाल्याला वेगळ्या द्या. बंपरला आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असे तीन थर मागा. निकेल पातळ असेल तर पहिल्याच पावसाळ्यात ठिपके येतात.

*शिरपूर (जुन्या वायरिंगच्या तारा ओळखणं) :* लुकास पद्धतीच्या वायरिंगमध्ये तपकिरी तार बॅटरीची थेट, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून येणारी, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगची आणि काळी अर्थची. कापूस भरलेल्या सीटमधून उंदीर वायरिंगपर्यंत जातात, म्हणून आधी सीट काढा आणि तारा पूर्ण लांबीने तपासा. बॅटरी जोडण्यापूर्वी बॉडीला कोणतं टोक जोडलेलं आहे ते पाहा. जुन्या गाड्यांत ते पॉझिटिव्ह असू शकतं, आणि उलटी जोडली तर अॅमीटर उलटं दाखवेल. डायनामोची गाडी निगेटिव्ह अर्थवर आणायची असेल तर डायनामोला पुन्हा पोलराइज करावं, म्हणजे त्याचे ध्रुव नव्या दिशेने बसवावे लागतात, नाहीतर तो चार्जिंग करत नाही आणि कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा स्विच) जळतो.