‘काहीच नाही’ असा शेरा मारण्याआधी

प्रिय मित्रा,

‘सर, मे महिन्यात माळ पाहिला, तिथे काहीच नाही. मग पाहणी अहवालात पडीक लिहायला काय हरकत?’ असं विचारतोस. हरकत आहे. जमीन रिकामी नसते. मेमध्ये माळ बघून शेरा मारणं म्हणजे सुट्टीत शाळा बघून गावात पोरंच नाहीत म्हणण्यासारखं झालं.

गवताचा जीव तेव्हा मुळांत असतो. ऑगस्टमध्ये जा आणि खाली बस, उभ्याउभ्या दिसत नाही. त्या मुरमाड मातीत मारवेल, पवन्या, कुसळी दाटलेली असते. पावसाळा सरल्यावर गेलास तर मोज्यात घुसलेली कुसळं उपटण्यातच संध्याकाळ होईल.

सातबाऱ्यावर यातलं काय येतं? आकार, पीक, पोटखराब. कळपामागे चालणाऱ्या धनगराला त्यात रकाना नाही. वाटेत शेतकरी खतासाठी त्याच्या मेंढ्या रानात बसवून घेतात, बदल्यात धान्य किंवा पैसे देतात, पण त्या मेंढ्या वाढतात माळावर. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती वाया, ही इंग्रजांची नजर. तीच आपण उपग्रहाच्या चित्राला लावली. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशात झुडपी माळ आणि खालावलेली कुरणं असे चक्क वर्गच आहेत. एकदा पडीक म्हटलं की कुणाला तिथे सौर पॅनेल सुचतात, कुणाला गिरिपुष्पाच्या झाडांच्या रांगा. माळढोक पक्ष्याला उघडा माळ लागतो, हे वृक्षारोपणाच्या उत्साहात कोण ऐकतो!

आणि हे फक्त गवताचं नाही. सोलापूर-नगरकडचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं, गावं आणि शेतं पोटात घेऊन. जणू तिथे माणसंच नव्हती. पुढे ते १,२२२ वर आणावं लागलं. पुन्हा सांगतो, जमीन रिकामी नसते.

मी हे प्रत्येक अहवालात लिहिलं. ‘अडवणूक करतात’ असा शेरा मिळाला, चांगली कामं दुसऱ्यांकडे गेली. माझ्या लिहिण्याने एकही माळ वाचला नाही, ही खंत आहेच. पण हट्ट सोडला असता तर चराईचा उल्लेख कागदावर आला तरी असता का? तूच सांग.

मुदत जूनअखेर आहे म्हणतोस. वाढवून माग. नाही मिळाली तर ‘पावसाळी पाहणी बाकी, चराईबाबत विचारणा बाकी’ असं लिही आणि खाली सही कर. साहेब चिडतील. चिडू देत.