फॉकलंडच्या स्टॅन्ली बंदरात जहाज एकच दिवस थांबणार आहे, पेंग्विन बघायला कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत ब्युनोस आयर्सहून निघणारं जहाज सकाळी ८ ते संध्याकाळी ५ स्टॅन्लीला थांबेल, बरोबर सत्तरीचे आई-बाबा आहेत, आणि व्हॉलंटियर पॉइंट, ब्लफ कोव्ह, जिप्सी कोव्ह यांपैकी कुठली सहल घ्यावी हे ठरत नाहीये. माझं उत्तर: आई-बाबांना घेऊन ब्लफ कोव्ह. व्हॉलंटियर पॉइंटला एवढ्या वेळात जायचंच असेल, तर फक्त जहाजाच्या सहलीनेच जा.

आधी वेळेचा हिशोब बघा. मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. ती बाहेर पोर्ट विल्यममध्ये नांगर टाकतात आणि तिथून टेंडर, म्हणजे जहाजावरच्याच छोट्या बोटी, ‘द नॅरोज’ या चिंचोळ्या तोंडातून आत शिरून गावातल्या जेटीवर सोडतात. त्यात वीस ते तीस मिनिटं जातात, शिवाय रांग वेगळी. म्हणजे ८ ला नांगर पडला तरी किनाऱ्यावर पाय टेकायला ९ वाजतात. व्हॉलंटियर पॉइंटला जायला दोन ते अडीच तास, यायला तेवढेच, आणि तिथे निदान दोन तास तरी हवेत. परत जेटीवर येईपर्यंत ४ होतात. ५ ला सुटणाऱ्या जहाजाचं शेवटचं टेंडर साधारण ४ ते साडेचारच्या दरम्यान असतं. वाटेत एक गाडी जरी रुतली तरी हे गणित चुकतं.

आणि गाड्या रुततात. जॉन्सन्स हार्बर या वस्तीच्या पुढे रस्ता असा नाहीच, ओल्या पीटवरून फोर बाय फोर गाड्या मिळेल तशी वाट काढतात. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची स्पंजासारखी जमीन. वरून हिरवी, घट्ट दिसते, पण चाक खाली जातं. म्हणून चालक ताफ्याने जातात, एकमेकांना दोराने ओढून काढतात. त्यांच्या दृष्टीने हे रोजचंच आहे, पण कंबर, मान किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर हे धक्के सोसत नाहीत.

जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. बाहेरून ठरवलेल्या गाडीसाठी ते थांबत नाही. इथे जहाज चुकलं तर टॅक्सी करून पुढचं बंदर गाठता येत नाही. चिलीकडे जाणारं प्रवासी विमान आठवड्यातून एकदा, शनिवारी सुटतं. बाहेरची सहल घ्यायचीच असेल तर पैसे भरण्याआधी एकच गोष्ट लेखी विचारा: जहाज बंदरात आलंच नाही तर पूर्ण पैसे परत मिळतील का? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण वाऱ्यामुळे स्टॅन्लीचा थांबा रद्द होणं नवीन नाही. पोर्ट विल्यम पूर्वेला उघडं आहे. लाटा आत येऊ लागल्या की टेंडर जहाजाला टेकवून माणसं उतरवणं धोक्याचं होतं. मग कप्तान वाट न पाहता निघतो, आणि ते योग्यच असतं.

आता पक्षी. व्हॉलंटियर पॉइंटचं आकर्षण म्हणजे किंग पेंग्विन, फॉकलंडमधली त्यांची सर्वांत मोठी वसाहत. किंगची जोडी एकच अंडं घालते आणि आळीपाळीने पायांवर घेऊन उबवते, घरटं नसतं. पिल्लू मोठं व्हायला वर्षाच्या आसपास लागतं, त्यामुळे तिथे कधीही गेलात तरी तपकिरी लोकरीत गुंडाळलेली पिल्लं दिसतात. वसाहतीभोवती पांढऱ्या दगडांची सीमा आखलेली आहे, तिच्या आत जायचं नाही.

ब्लफ कोव्हला मुख्यतः जेंटू जातीचे पेंग्विन, थोडे किंगही. अर्ध्या दिवसाची सहल आहे. गाडी थोडं अंतर माळरानातून जाते, पण ते सोसण्यासारखं आहे. शिवाय बसायला उबदार कॅफे आहे, सत्तरीतल्या माणसांना त्या वाऱ्यात त्याची किंमत कळते. जानेवारीत जेंटूंची पिल्लं मोठी होऊन घोळक्याने उभी असतात आणि समुद्रावरून आलेल्या आईबापांच्या मागे खाण्यासाठी धावतात. हे दृश्य बघायला जानेवारी हाच उत्तम महिना.

जिप्सी कोव्ह गावापासून सहा-सात किलोमीटरवर. जहाज आलेल्या दिवशी जेटीवरून बस मिळते. इथले मॅगेलॅनिक पेंग्विन भायखळ्याच्या राणीबागेतल्या हम्बोल्ट पेंग्विनचे जवळचे भाऊबंद. छातीवर दोन काळे पट्टे आणि ओरडणं थेट गाढवासारखं. ते जमिनीत बीळ करून राहतात, म्हणून पायवाट सोडू नका. पीटचं छत पातळ असतं, पाय पडला तर बीळ पिल्लांसकट कोसळतं. शेजारच्या यॉर्क बेमध्ये १९८२च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धात अर्जेंटिनाच्या सैन्याने सुरुंग पेरले होते. पेंग्विनच्या वजनाने ते फुटत नसत, माणसं मात्र ३८ वर्षं आत जाऊ शकली नाहीत. नोव्हेंबर २०२०मध्ये तो किनारा खुला झाला. दुपारी दोन तास उरले तर इथे जाच. परतताना व्हेलबोन कोव्हमध्ये रुतलेलं ‘लेडी एलिझाबेथ’ हे १८७९चं शिडाचं लोखंडी जहाज दिसतं.

कुठेही गेलात तरी प्राण्यांपासून सहा मीटर लांब राहा. पेंग्विन स्वतःहून जवळ आला तर स्थिर उभे राहा, पण समुद्राकडे जाणारी त्यांची वाट अडवू नका. वाट अडली तर चारा घेऊन आलेला पक्षी ताटकळतो आणि तिकडे पिल्लू उपाशी राहतं. २०२३ सालच्या अखेरीस बर्ड फ्लू या बेटांवर पोहोचला. म्हणून बुटांचे तळवे जहाजावरच ब्रशने घासून धुवा, आणि वसाहतीजवळ बसू नका की पिशवी जमिनीवर ठेवू नका. फळं, भाज्या, दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ जहाजावरून खाली नेऊ नका. शाकाहारी असाल तर सहलीच्या जेवणाचं आधीच सांगून ठेवा.

कपड्यांत जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारं जाकीट महत्त्वाचं. जानेवारीत दुपारचं तापमान १५ अंशांच्या आसपास असतं, पण वारा हाडात शिरतो. छत्री नेऊच नका, उलटी होते. ऊन जाणवत नाही, तरी चेहरा भाजतो, सनस्क्रीन लावा. सोबत थोडे रोख ब्रिटिश पौंड किंवा अमेरिकन डॉलर ठेवा. फॉकलंडचा पौंड ब्रिटिश पौंडाच्याच मोलाचा आहे, पण बेटांबाहेर तो खपवणं कठीण, म्हणून सुट्टे ब्रिटिश नोटांत मागा.

एक कागदाचं काम आत्ताच करा. स्टॅन्लीनंतर जहाज उशुआयाला जाणार असेल, तर तुम्ही अर्जेंटिनात पुन्हा प्रवेश करता. भारतीय पासपोर्टवरचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे तपासा. फॉकलंडसाठी काय लागेल तेही क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या.

परतीच्या टेंडरमध्ये खिडकीची जागा पकडा. कॉमर्सन्स डॉल्फिन, काळेपांढरे, जेमतेम दीड मीटरचे, बंदरात बोटीच्या बरोबरीने पोहतात. जेटीवर उभे असताना खालच्या केल्पमध्येही, म्हणजे लांबलचक समुद्री शेवाळात, बघा. तिथे दिसणारं राखाडी, जाडजूड बदक म्हणजे फॉकलंड स्टीमर डक. त्याला उडता येत नाही, आणि जगात ते फक्त याच बेटांवर आहे.