ड्वाइट यॉर्क: सहा महिन्यांच्या प्रशिक्षकपदाचा हिशेब

ड्वाइट यॉर्कसारख्या नावाजलेल्या फुटबॉलपटूची ऑस्ट्रेलियातील मकार्थर क्लबमधली प्रशिक्षकपदाची कारकीर्द जेमतेम सहा महिन्यांत का आटोपली, आणि मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होत नाही ही समजूत त्यावरून खरी मानावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या सहा महिन्यांवरून यॉर्कच्या खेळाच्या जाणकारीबद्दल शंका घेण्यास फारशी जागा नाही. त्याला नडला तो उमेदवारीचा, म्हणजे खालच्या पायरीवर काम शिकण्याच्या काळाचा, अभाव. निवृत्तीनंतर तब्बल तेरा वर्षांनी पहिला क्लब हाती आला आणि तोही थेट मुख्य प्रशिक्षक म्हणून, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढच्या घटनांचा नीट उलगडा होत नाही.

मँचेस्टर युनायटेडचा हसतमुख गोलवीर म्हणून आपण त्याला ओळखतो, परंतु प्रशिक्षकाच्या दृष्टीने त्याच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. टोबॅगो बेटावरील केनन या गावचा हा मुलगा. त्याचा भाऊ क्लिंट त्रिनिदाद आणि टोबॅगोकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळला आणि ब्रायन लारा त्याचा जिवलग मित्र, एवढे सांगितले की आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या वाचकाला तिथले वातावरण समजेल. १९८९ मध्ये अ‍ॅस्टन व्हिला या इंग्लिश क्लबचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला असता प्रशिक्षक ग्रॅहम टेलर यांनी त्याला हेरले. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला पोर्ट ऑफ स्पेन येथे अमेरिकेविरुद्ध नुसती बरोबरी साधली असती तरी त्रिनिदाद विश्वचषकाला पात्र ठरले असते. पॉल कॅलिजुरीच्या एकमेव गोलने ते स्वप्न मोडले, आणि त्या पराभूत संघात अठरा वर्षांचा यॉर्क होता.

१९९८ मध्ये युनायटेडने त्याच्यासाठी १ कोटी २६ लाख पौंड मोजले आणि पहिल्याच हंगामात क्लबने प्रीमियर लीग, एफए चषक व चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदे पटकावली. यॉर्कचे प्रीमियर लीगमधील १८ गोल त्या हंगामातील सर्वाधिक गोलांच्या बरोबरीचे होते. मात्र गोलांच्या संख्येपेक्षा त्याची समज पाहायची असेल, तर नोव्हेंबर १९९८ मधील बार्सिलोनाविरुद्धचा ३-३ असा सुटलेला सामना पाहावा. रॉय कीनचा पास आपल्याकडे येत असताना यॉर्क पाय लावण्याचा आव आणतो आणि चेंडू तसाच मागे अँडी कोलकडे जाऊ देतो. कोल तो पुन्हा त्याच्याकडे देतो, यॉर्क एका स्पर्शात परत करतो, आणि बचावपटू वळेपर्यंत कोलने गोल केलेला असतो. साथीदार मागे कुठे उभा आहे याचा अंदाज आधीच बांधल्याशिवाय अशी चाल जमत नाही.

हीच समज पुढे वयाबरोबर मधल्या फळीत उतरली. २००५ मध्ये तो सिडनी एफसीकडे गेला, ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगच्या पहिल्याच हंगामात विजेता ठरला, आणि याच काळात राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक लिओ बेनहाकर यांनी त्याला मैदानाच्या मध्यभागी खोलवर खेळवून संघाची सूत्रे त्याच्या हाती दिली. बहरीनविरुद्धच्या निर्णायक लढतीत मनामा येथे डेनिस लॉरेन्सने हेडरने जो गोल केला, त्याचा कॉर्नर यॉर्कचा होता. त्या एका गोलावर सुमारे तेरा लाख वस्तीचा हा देश २००६ च्या विश्वचषकाला पोहोचला. तिथे स्वीडनविरुद्ध उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच एक खेळाडू बाहेर गेला असताना कर्णधार यॉर्कने दहा जणांना ०-० अशा बरोबरीपर्यंत नेले. मला विचाराल तर प्रशिक्षक म्हणून त्याची पात्रता १९९९ च्या बार्सिलोनातील चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापेक्षा त्या संध्याकाळी जर्मनीतील डॉर्टमुंडमध्ये अधिक दिसली.

२००९ मध्ये निवृत्त झाल्यावर प्रशिक्षक रसेल लॅटपीचा सहायक म्हणून राष्ट्रीय संघासोबत थोडा काळ गेला, आणि पुढे दीर्घकाळ काहीच हाती लागले नाही. आपल्याच जुन्या क्लबमध्ये, व्हिलामध्ये, साधी मुलाखतही मिळत नाही आणि कृष्णवर्णीय प्रशिक्षकांच्या वाट्याला संधी कमी येतात, हे त्याने अनेकदा जाहीरपणे बोलून दाखवले. त्याच्या सोबतीचे कित्येक खेळाडू या काळात दुय्यम संघ, युवा संघ, खालच्या श्रेणीतले क्लब अशा पायऱ्या चढत होते, चुका करत होते आणि त्या चुका फारशा कोणाच्या नजरेत येत नव्हत्या.

जुलै २०२२ मध्ये मकार्थरने त्याला नेमले. नैर्ऋत्य सिडनीतील कॅम्पबेलटाउनचा हा क्लब २०२० मध्येच ए-लीगमध्ये उतरलेला; प्रेक्षक मोजके, पदरी एकही चषक नाही, आणि लीगच्या नियमांनुसार खेळाडूंच्या पगारावर मर्यादा. सुमारे तीन महिन्यांत, १ ऑक्टोबरला, यॉर्कने ऑस्ट्रेलिया चषक जिंकून दिला. अंतिम सामन्यात सिडनी युनायटेड ५८ या क्लबचा २-० असा पराभव झाला. हा प्रतिस्पर्धी अर्धव्यावसायिक, उपांत्य फेरीतला ओकली कॅनन्सही अर्धव्यावसायिक, त्यामुळे वाट सोपी होती हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही मकार्थरचा तो पहिलाच चषक होता आणि त्याच बळावर ते आशियाई क्लबांच्या २०२३-२४ च्या एएफसी चषकात खेळले. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियातल्याच ज्या सेंट्रल कोस्ट मरिनर्सने मकार्थरला आसियान (आग्नेय आशिया) विभागाच्या अंतिम लढतीत रोखले, त्यांनीच पुढे आपल्या ओडिशा एफसीलाही बाहेर काढले.

जानेवारी २०२३ मध्ये ॲडलेड युनायटेडकडून घरच्या मैदानावर ०-१ अशी हार झाल्यावर यॉर्क आणि क्लब वेगळे झाले. ड्रेसिंग रूममध्ये त्याने क्लबच्या दर्जावरच तोंडसुख घेतल्याच्या बातम्या तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांत आल्या. युनायटेडमध्ये सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्यासारख्या प्रशिक्षकाच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला शिस्त आणि सोयी यांविषयीच्या अपेक्षा खाली आणणे जड जाते; पण मर्यादित साधनांचा क्लब कसा सांभाळून घ्यावा, कुठे आवाज चढवावा आणि कुठे गिळावे, हे उमेदवारीच्या वर्षांत शिकायचे असते आणि ती वर्षे यॉर्कला मिळालीच नव्हती. निकालांवर बोट ठेवणाऱ्यांनी एवढे पाहावे की तो गेला तेव्हा संघ तळाला नव्हता. हंगाम संपला तेव्हा मात्र बारा संघांत बारावा होता.

अर्थात यातूनच दुसरी बाजूही निघते. यॉर्कनंतर सूत्रे घेणाऱ्या माइल स्टेरयोव्हस्कीला तळाच्या क्रमांकानंतरही क्लबने ठेवून घेतले, आणि २०२४ मध्ये त्याच्याच प्रशिक्षणाखाली मकार्थरने ऑस्ट्रेलिया चषक पुन्हा जिंकला. म्हणजे संयम दाखवायला हा क्लब तयार होता; तो संयम यॉर्कच्या वाट्याला आला नाही याचे कारण गुणतालिकेपेक्षा त्याच्या आणि व्यवस्थापनाच्या बिघडलेल्या संबंधांत शोधावे लागते, आणि त्या बिघाडात त्याचा स्वतःचा वाटा नव्हता असे मी म्हणणार नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगोने त्याला राष्ट्रीय प्रशिक्षक केले. २०२६ च्या विश्वचषक पात्रतेत जमैका, कुरासाओ आणि बर्म्युडा यांच्या गटातून त्याला संघ पुढे नेता आला नाही. कुरासाओने बाजी मारली. मात्र हा पुरावा क्लब प्रशिक्षकाच्या मूल्यमापनासाठी वापरू नये. राष्ट्रीय संघाला खेळाडू वर्षातून मोजके दिवस मिळतात, तर क्लबमध्ये तीच माणसे रोज सकाळी समोर उभी असतात, आणि त्या रोजच्या कामाचा यॉर्कचा अनुभव आजही त्या सहा महिन्यांपुरताच आहे.