बालीत व्हिला घेण्याआधी

मुंबईत बीकेसीतल्या प्रॉपर्टी प्रदर्शनात टोकन देऊन मोकळे होऊ नका, कळकळीने सांगतो. बालीत परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी, ‘हक मिलिक’, मिळत नाही. ‘स्थानिकाच्या नावावर घेऊ, आतून करार करू’ असं एजंट म्हणाला की सरळ उठा; कायदा असा करार मानत नाही. लीज असेल तर किती वर्षं उरलीत, मुदतवाढीचा दर कागदावर आहे का, बघा. साठाव्या वर्षी २५ वर्षांची लीज घेतलीत तर पंच्याऐंशीला घर सोडायचं का?

एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात. १० लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते, तो रिटर्नमध्ये वळता होतो. रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता, शेड्यूल एफए, भराच.

आणि आधी जानेवारीत महिनाभर भाड्याने राहा. तिकडचा पावसाळा तेव्हा असतो, भिंतींची ओल तेव्हाच दिसते.