शंका-समाधान : उलट्या दिशेचे ६६ यार्ड

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमध्ये जिम मार्शल चेंडू घेऊन स्वतःच्याच टोकाला धावला होता. मग प्रतिस्पर्ध्यांना टचडाउनचे ६ गुण न मिळता २च कसे मिळाले? आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये स्वयंगोल पूर्ण गोल धरतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सामना २५ ऑक्टोबर १९६४चा, सॅन फ्रान्सिस्कोच्या केझार स्टेडियमवर, मिनेसोटा व्हायकिंग्ज विरुद्ध फोर्टीनाइनर्स. फोर्टीनाइनर्सच्या जॉर्ज मिराने बिली किल्मरला पास दिला आणि किल्मरच्या हातून चेंडू निसटला. व्हायकिंग्जचा डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीच्या टोकाला खेळणारा) मार्शलने तो उचलला आणि धूम ठोकली. फोर्टीनाइनर्सची गोलरेषा तिथून अवघी ३४ यार्डांवर होती. तो धावला ६६ यार्ड, म्हणजे क्रिकेटच्या बरोबर तीन खेळपट्ट्या, आणि तेही स्वतःच्या एंड झोनकडे, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्याकडे. कडेला उभे असलेले सहकारी ओरडत होते. त्याला वाटले, आपल्यालाच प्रोत्साहन देताहेत.

आता गुणांचे. टचडाउनसाठी चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये न्यावा लागतो. स्वतःच्या एंड झोनमध्ये आपणच चेंडू नेला आणि तिथेच तो मृत झाला (म्हणजे खेळ थांबला) किंवा तिथून मैदानाबाहेर गेला, तर 'सेफ्टी' : प्रतिस्पर्ध्याला २ गुण. वर गुण गमावणाऱ्या संघालाच आपल्या २० यार्डांच्या रेषेवरून किक मारून चेंडू समोरच्यांच्या हवाली करावा लागतो. म्हणजे शिक्षा दुहेरी, पण ६ गुणांची नाही.

मार्शलने टचडाउन झाल्याच्या आनंदात चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. हसू येते खरे, पण ही फेक व्हायकिंग्जच्या पथ्यावर पडली. हाच चेंडू एंड झोनच्या आत पडून राहिला असता, तर तो जिवंत होता. फोर्टीनाइनर्सपैकी कोणीही त्यावर झेपावून टचडाउन घेऊ शकला असता. त्यांचा ब्रूस बॉस्ली तर जवळच पोहोचला होता; त्यानेच मार्शलचे 'आभार' मानले, तेव्हा कुठे मार्शलच्या डोक्यात प्रकाश पडला.

प्रश्न : या चुकीमुळे व्हायकिंग्ज हरले का? (एक वाचक, मिनियापोलिस)

उत्तर : नाही, ते २७-२२ असे जिंकले. पण कागदावर हिशेब मांडून पाहा. त्या २ गुणांच्या जागी टचडाउनचे ६ आणि त्यानंतरच्या किकचा १ धरला, तर फोर्टीनाइनर्सचेही २७ होतात. नियमित हंगामातल्या सामन्यांना जादा वेळ १९७४पासून मिळू लागला. १९६४मध्ये बरोबरी ती बरोबरीच राहायची.

त्याच सामन्यात मार्शलने मिराला असा धक्का दिला की चेंडू सुटला, आणि कार्ल एलरने तो योग्य दिशेला नेऊन टचडाउन केला. हे मात्र कोणी विचारत नाही.

प्रश्न : असे त्याआधी कधी घडले होते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : व्यावसायिक नव्हे, पण महाविद्यालयीन सामन्यात घडले होते. १ जानेवारी १९२९च्या रोझ बोल या महाविद्यालयीन सामन्यात कॅलिफोर्नियाचा रॉय रीगल्स असाच उलटा धावला. त्याला त्याच्याच संघाच्या बेनी लोमने गोलरेषेच्या तोंडाशी गाठले, म्हणून तेव्हा सेफ्टी टळली. पण त्यानंतर तिथून मारलेला पंट (हातातून सोडून मारलेली किक) प्रतिस्पर्धी जॉर्जिया टेकने अडवला, चेंडू एंड झोनमागे गेला आणि सेफ्टी झालीच. जॉर्जिया टेक ८-७ जिंकले. फरक १ गुणाचा, सेफ्टी २ची. मार्शलच्या धावेनंतर याच रीगल्सने त्याला पत्र धाडले होते.

मार्शलची कारकीर्द मात्र १९७९पर्यंत चालली. सलग २८२ सामने, एकही न चुकवता.