खाडीत जिताड्यासाठी ल्युअर ओढताना आउटबोर्डची होडी पुरेशी हळू कशी चालवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १५ फुटी फायबरची होडी, मागे २५ एचपीचं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बाहेरून लावायचं आउटबोर्ड इंजिन. खाडीत जिताडा माशासाठी ल्युअर (नकली आमिष) ओढायचेत, पण गिअर टाकून थ्रॉटल पूर्ण बंद ठेवलं तरी मोबाइलवर ताशी सहा-साडेसहा किलोमीटर दिसतात. आयडलचा, म्हणजे थ्रॉटल बंद असतानाचे इंजिनचे फेरे ठरवणारा, स्क्रू आणखी फिरवावा, की पंखा (प्रोपेलर) बदलावा?

दोन्ही करू नका. आधी रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या मिळवा. त्या कशासाठी ते सांगतोच, पण त्याआधी तुम्ही जो वेग वाचताय तो तपासू.

मोबाइलचं जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवतं. ल्युअरला जमिनीशी काही देणंघेणं नाही, त्याला कळतो तो फक्त पाण्यातला वेग. खाडीत भरती-ओहोटीची ताशी दोन-तीन किलोमीटरची ओढ सहज असते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर जास्तच. समजा पाणी ताशी ३ किमीने खाली चाललंय आणि तुम्ही त्याच्या उलट वर जाताय. मोबाइल ३ दाखवेल, तुम्ही खूश व्हाल, आणि ल्युअर मात्र ६ च्या वेगाने ओढला जात असेल. "पाण्याच्या उलट चालव, वेग आपोआप कमी होतो" हा सल्ला तुम्हाला जेटीवर दहा जण देतील. त्याचा फायदा एवढाच की पुलाच्या खांबांपाशी किंवा तिवरांच्या कडेला तुम्ही जास्त वेळ रेंगाळता. ल्युअर हळू होत नाही.

पाण्यातला वेग मोजायला उपकरण लागत नाही. नारळाच्या सोडणाचा तुकडा नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, पाण्यात टाका आणि तो मागच्या तक्त्यापर्यंत यायला किती सेकंद लागतात ते बघा. १५ फूट म्हणजे साडेचार मीटरच्या जरा वर. ३ सेकंद लागले तर वेग ताशी साधारण साडेपाच किमी, ४ लागले तर ४ किमी, ५ लागले तर सव्वातीन. तीन-चार वेळा टाकून सरासरी घ्या.

जिताड्यासाठी पाण्यात डुबणारा, पुढे जीभ असलेला ल्युअर ओढत असाल तर ताशी ३ ते ५ किमी चांगला. जिवंत मासा लावून ओढायचा असेल तर त्याहून हळू, दोन-तीनच्या आसपास, नाहीतर आमिष गोल फिरून मरतं. समुद्रात सुरमईसाठी ल्युअर ताशी ८ ते ११ किमीने ओढतात, तिथे ही अडचण येतच नाही. तुमचा त्रास खाडीतलाच आहे. आकड्यापेक्षा रॉडचं टोक बघत राहा. ते एकसारखं थरथरत असेल तर ल्युअर नीट पोहतोय. थरथर थांबली तर एक तर वेग फार कमी झालाय, किंवा जिभेला कचरा अडकलाय. टोक झटके देतंय आणि ल्युअर आडवा होऊन वर येतोय, तर वेग जास्त आहे.

आता इंजिन. त्याच्या हळू चालण्याला एक तळ असतो आणि तो साध्या गणितातून निघतो. आयडलला मिनिटाला ९०० फेरे, खालच्या गिअरचं प्रमाण २.०८ ला १, म्हणजे पंखा फिरतो मिनिटाला सुमारे ४३३ वेळा. पंख्याचा पिच १२ इंच असेल तर एका फेऱ्यात तो न घसरता १२ इंच पुढे जाईल, म्हणजे ताशी ७.९ किमी. पंखा पाण्यात थोडा घसरतोच, ते वजा केलं की तुमचे सहा-साडेसहा उरतात. म्हणजे तुमचं इंजिन बिघडलेलं नाही, ते जे करायचं तेच करतंय.

पिच ९ इंचांवर आणला तर हाच हिशेब ताशी ५.९ वर येतो, घसरण वजा जाता साडेचारच्या आसपास. ऐकायला छान वाटतं. पण पिच एक इंच कमी केला की फुल थ्रॉटलला इंजिनचे फेरे साधारण दीडशे-दोनशेने वाढतात. तुमची होडी हलकी. तीन इंच कमी केलेत तर घरी परतताना इंजिन पुस्तिकेतली मर्यादा ओलांडून किंचाळत राहील. होडीत रोज पाच-सहा माणसं आणि बर्फाच्या पेट्या असतील तर कमी पिचचा पंखा तसाही बरा. नुसत्या ल्युअरसाठी नको.

आयडलचा स्क्रू पुस्तिकेतल्या आकड्याखाली नेण्याला माझा ठाम विरोध आहे. टू-स्ट्रोक फार हळू चाललं की प्लग तेलाने ओले होतात, इंजिन मधूनच बंद पडतं, आणि ते नेमकं खडकापाशी किंवा पुलाखाली ओढ असताना पडतं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंपही इंजिनच्याच फेऱ्यांवर चालतो. मेकॅनिककडून एवढंच तपासून घ्या की आयडल सध्या मर्यादेपेक्षा वर ठेवलेलं नाही ना. पुष्कळदा सकाळी सुरू व्हायला सोपं जावं म्हणून कोणीतरी ते वाढवून ठेवलेलं असतं, आणि मग अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

बाकीचा अर्धा बादल्या सोडवतात. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर अडथळा चौपट. म्हणून बादली होडीला थांबवत नाही, पण वेग वाढू लागला की जोरात धरून ठेवते. फूटभर तोंडाची एक बादली ताशी ४ किमीला ढोबळमानाने पाच-सहा किलोच्या ताकदीने मागे ओढते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की आयडलवरच्या इंजिनला ते चांगलंच जाणवतं. शिवाय वाऱ्याच्या झोताने होडी भरकटणं कमी होतं, तो फायदा वेगळाच.

बादली २० लिटरची घ्या. तिच्या कडीला दोरी बांधू नका, कडी पहिल्याच दिवशी निखळते. काठाखाली सारख्या अंतरावर तीन भोकं पाडा, तिन्हींतून दोरीचे तुकडे काढून पुढे एका कड्यात बांधा, आणि मुख्य दोरी त्या कड्याला. बुडाला दोन-तीन सेंटिमीटरचं एक भोक ठेवा, म्हणजे बादली पाण्यात भिरभिरत नाही आणि वर घेताना रिकामी होते. बुडाला आणखी एक बारीक दोरी बांधून ती होडीत मोकळी ठेवा. ही दुसरी दोरी विसरू नका: बादली काढायची असेल तेव्हा ती ओढली की बादली उलटी होते आणि एका हाताने वर येते. एरवी भरलेली बादली ओढताना कंबर धरते.

बांधायची कुठे? मागे तर नकोच. मागे बांधली की होडी वळत नाही, लाट मागच्या तक्त्यावरून आत येते आणि दोरी पंख्यात जाते. नाळेजवळ दोन्ही बाजूंच्या कड्यांना बांधा आणि दोरी एवढीच सोडा की बादली होडीच्या मध्याच्या जरा पुढे राहील. ती कितीही मागे सरकली तरी पंख्यापर्यंत पोचता कामा नये, ही लांबी जेटीवर बांधलेली असतानाच मोजून घ्या. एकच बादली लावली तर होडी त्या बाजूला ओढ खाते. दोन लावून वेग फारच पडला तर बादल्या बदलून लहान घ्या. बाजारात याच कामासाठी कापडी पिशव्या मिळतात, त्या घडी होतात आणि जागा कमी घेतात. काम तेच.

मासा लागला की बरोबरच्या माणसाने लगेच त्या बाजूची बादली आत घ्यायची. जिताडा होडीखालून गेला आणि ल्युअरचा दोर बादलीच्या दोरीत अडकला तर मासा गेलाच समजा.

इतर उपाय मला कमी आवडतात, पण सांगतो. गिअर टाकणं-काढणं करत राहिलात तर वेग कमी होतो, आणि ल्युअर मध्येच थांबून वर तरंगतो तेव्हा कधी कधी मासा घेतोही. दिवसभर मात्र गिअरचा खटखटाट बरा नव्हे, क्लचचे दात झिजतात. शांत पाण्यात रिव्हर्समध्ये चालवता येतं. चपटा तक्ता पुढे आल्यामुळे होडी खूप हळू होते. धूर तोंडावर येतो, आणि खाडीच्या मुखाशी लाट असेल तर ते सरळ धोक्याचं. पंख्याचं पाणी अडवून वेग कमी करणारी, पंख्यामागे लावायची पत्रीही मिळते, पण ती वर न करता कोणी थ्रॉटल उघडलं की वाकते किंवा तुटते. मोठ्या इंजिनवाल्यांना लखलाभ. काही नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांत बटणाने ५०-५० फेरे कमी-जास्त करता येतात. इंजिन बदलायचंच असेल तेव्हा ते विचारून घ्या, त्यासाठी म्हणून बदलू नका.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर खरा उपाय म्हणजे वेगळी बॅटरीवरची मोटर. होडी, इंजिन, माणसं मिळून ५०० किलो धरली तर किमान २२-२५ पाउंड जोराची लागते, पण खाडीच्या ओढीसाठी ४५ ते ५५ ची घ्या. ५५ ची मोटर पूर्ण जोरावर सुमारे ५० अँपिअर खाते आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीवर तो जोर तासभरच. हळू चालवलीत तर तीन-चार तास निघतात. खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलीच घ्या आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. आणि दोघे असाल, वारा पडलेला असेल, तर एकाने वल्हवावं. याहून शांत आणि हळू काहीच नाही.

बादल्या लावूनही टू-स्ट्रोक तासन्‌तास आयडलवर ठेवू नका. अर्ध्या-पाऊण तासाने दोर आणि बादल्या आत घेऊन पाचेक मिनिटं होडी जोरात पळवा, प्लग साफ होतात. पेट्रोलमधल्या तेलाचं प्रमाण पुस्तिकेपेक्षा वाढवू नका, कमीही करू नका. जादा प्लग आणि प्लगपाना होडीत असू द्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडतेय ना यावर नजर ठेवा. इंजिन केरोसीनवर चालणारं असेल तर हे सगळं पेट्रोलवरच करा.

शेवटचं, जाळ्यांचं. हळू चालणारी होडी ओढीने बाजूला सरकते आणि मागे पंचवीस-तीस मीटर दोर असतो. खाडीत डोलीचे (डोल जाळी बांधायचे) खुंटे आणि जाळ्यांचे बोये असतात, त्यांच्या ओढीच्या वरच्या बाजूने कधी जाऊ नका. ल्युअरचे तिहेरी गळ कोणाच्या जाळ्यात अडकले तर जाळं फाटतं, ते त्याचं पोट आहे. निघण्याआधी जेटीवर विचारा, आज कुठे जाळी टाकलीत ते कोणीही सांगेल.